खोलीत नसलेल्या माणसाला विचार

प्रिय,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. नंतर शांतपणे पुन्हा वाचलं. तुला काहीतरी खुपतंय म्हणूनच तू लिहिलंस. जिला खुपत नाही ती असं पत्र लिहीतच नाही. तेव्हा तुझ्या हेतूबद्दल एकही ओळ खर्च करत नाही. मुद्द्यावर येतो.

लॅबच्या डीप फ्रीझरमध्ये जुन्या प्रकल्पातले रक्ताचे नमुने पडून आहेत. ज्या बायकांनी ते दिले, त्यांनी गरोदरपणातल्या रक्तक्षयाच्या अभ्यासासाठी सही केली होती. तुला आता त्यांवर जनुकीय काम करायचंय, आणि त्याचा रक्तक्षयाशी काही संबंध नाही. गाईड म्हणतात, नावं काढलेली आहेत, नमुने लॅबचे आहेत, एथिक्स कमिटीकडे (संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीकडे) गेलीस की सहा महिने गेलेच म्हणून समज. फार तर 'आधीच्याच प्रकल्पाचा पुढचा टप्पा' असं लिहून टाक. आणि तू मला विचारतेस, अर्ज कसा लिहिला म्हणजे लवकर पास होईल?

अगं, हे मला नको विचारूस. अर्ज पास कसा करून घ्यायचा हे सांगणारे तुला डिपार्टमेंटमध्ये ढिगाने भेटतील. मी तुला एवढंच विचारतो, की हा सगळा बेत ठरत असताना त्या बायकांना काय वाटेल हे कुणाच्या तोंडून निघालं का? ठरवायला तुम्ही दोघं बसलात, आणि जिच्या दंडातून रक्त काढलं ती तिथे नव्हती. खोलीत नसलेल्या माणसाला विचार. विचारणं शक्यच नसेल तर त्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी खोलीत आण. कमिटी असते ती यासाठी. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तू कंटाळलीस तरी.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या परिसरात हवासुपाई नावाचा आदिवासी समाज राहतो. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण फार. १९९० पासून पुढची काही वर्षं अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांच्याकडून रक्ताचे नमुने घेतले. लोकांनी ते दिले, कारण त्यांना मधुमेहाचं उत्तर हवं होतं. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, आपसातल्या लग्नसंबंधांचा झाला, पूर्वज कुठून आले याचाही झाला. आपण या दरीतूनच जन्मलो अशी ज्यांची श्रद्धा, त्यांच्याच रक्तावरून त्यांचे पूर्वज बाहेरून आल्याचं लिहिलं गेलं. संमतीपत्रातले शब्द मोघम होते, वर्तनाचे आणि शरीराचे विकार असे. कागदाप्रमाणे आम्ही बरोबर, असं म्हणायला त्यामुळे जागा होती. लोकांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला मधुमेह सांगितला होता. २००३ साली त्या समाजातली एक बाई विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या पीएचडीच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, श्रोत्यांमध्ये बसली होती. तिने उठून विचारलं, या कामाला आमची परवानगी घेतली होती का? प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर देऊन, उरलेले नमुने परत करून तडजोड केली.

तो विद्यार्थी ज्या जागी उभा होता, त्या जागी उद्या तू उभी असशील. तुझ्या व्हायवाला अशी कुणी बाई येणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तर तिचा प्रश्न आज तू स्वतःला विचारायचा.

आणि 'नावं काढली आहेत' यावर विसंबू नकोस. आधी बघ, की नावं खरंच नष्ट केली आहेत का नमुन्यांना फक्त कोड दिलेत आणि कोडची यादी कुणाच्या तरी कपाटात आहे. बहुतेक लॅबमध्ये कोडच असतो, आणि ते वाईटही नाही, कारण मग त्या बायकांपर्यंत पुन्हा पोचता येतं. पण मग 'निनावी' हा शब्द अर्जात लिहायचा नाही. शिवाय नावं गेली तरी त्या कुठल्या गटातल्या, कुठल्या भागातल्या हे राहतंच. हवासुपाईंचं जे दुखावलं ते एकेकट्या माणसाचं नव्हतं.

कमिटी म्हणजे अडवणूक, असं तुझ्या पत्रात दोन-तीन ठिकाणी सूर आहे. मी बरीच वर्षं अशा कमिटीचा सदस्य-सचिव होतो, तेव्हा मला हा सूर झोंबणारच. पण आतलं काम कसं चालतं ते ऐक. चांगल्या कमिटीत विषयातले तज्ज्ञ असतात, कायद्याचं माणूस असतं, विद्यापीठाबाहेरचं कुणी असतं, आणि संशोधनाशी काहीही घेणंदेणं नसलेला एक सामान्य नागरिक असतो. ज्याचा अर्ज चर्चेला आहे तो सदस्य उठून बाहेर जातो. किरकोळ जोखमीचा अर्ज एक-दोन सदस्य बघून मोकळा करतात, सगळ्यांसमोर येतो तो जोखमीचा. मंजुरीनंतर प्रश्न बदलला, पद्धत बदलली, तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. तुझ्या गाईडना जो 'पुढचा टप्पा' वाटतो, तो नियमाच्या भाषेत नवा अभ्यास आहे, आणि हे त्यांनाही माहीत आहे.

आमच्याकडे नागरिक सदस्य म्हणून एक बाई होत्या. त्या फारशा बोलत नसत. एकदा संमतीपत्रातलं 'आपण केव्हाही माघार घेऊ शकता' हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "माघार घेतली तर माझं रक्त कुठल्या डबीत आहे हे तुम्हाला सापडेल का?" सगळे गप्प. वाक्य प्रत्येक अर्जात छापलेलं होतं, डबी शोधून ती नष्ट करण्याची व्यवस्था मात्र एकाही लॅबने लिहून ठेवलेली नव्हती. त्या दिवसापासून ती लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकायचा नाही असं ठरलं. टेबलाभोवती एवढे प्राध्यापक बसले होते, पण दिसलं ते त्यांनाच, कारण त्या एकट्याच त्या खुर्चीत रक्त देणाऱ्या बाईसारख्या बसल्या होत्या.

म्हणून नुसती कमिटी असून भागत नाही, हेही तितक्याच जोरात सांगतो. अमेरिकेतल्या टस्कीगीची गोष्ट तुला ठाऊक असेल: १९३२ पासून शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस असताना उपचार न देता नुसतं बघत राहिले, पेनिसिलीन आल्यावरसुद्धा. तुला कदाचित हे ठाऊक नसेल, की १९६९ मध्ये यावर विचार करायला तज्ज्ञांची बैठक झाली होती आणि अभ्यास चालू ठेवायचं तिने ठरवलं. नीट बैठक, नीट चर्चा, आणि त्या माणसांपैकी तिथे एकही नाही. तो प्रकार बंद पडला १९७२ मध्ये, आरोग्य खात्यातल्या एका माणसाने वर्षानुवर्षं तक्रार करून शेवटी पत्रकाराला सांगितलं तेव्हा. आज आपण ज्या चौकटीला वैतागतो ती बरीचशी त्यानंतर उभी राहिली. माणसांवरच्या संशोधनाबद्दलचा १९७४ चा अमेरिकन कायदा, त्याची नैतिक तत्त्वं सांगणारा १९७९ चा बेलमाँट अहवाल, हे सगळं त्या माणसांच्या जिवावर आलेलं आहे. फॉर्म भरताना एवढं मनात असू दे.

आता माझ्यावर जो आरोप होतो त्याबद्दल. तो तुझ्याही कानावर आला असणार, म्हणून तू इतकं जपून लिहिलंयस. एका सहकाऱ्याचा अर्ज मी अडवून धरला होता. कारखान्यातल्या कामगारांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, आणि कुणाच्या घ्यायच्या ते कारखान्याचा मॅनेजर ठरवणार होता, मुलाखतीही त्याच्या केबिनशेजारी. मी म्हटलं, कामगाराला 'नाही' म्हणायची मोकळीक कुठे आहे? माणसं निवडायची पद्धत बदला, जागा बदला, मग या. तो म्हणाला, मग कारखाना परवानगीच देणार नाही. मी म्हटलं, मग हा अभ्यास होणार नाही. नाही झाला. निधी परत गेला. त्याच्या हाताखालच्या मुलीला विषय बदलावा लागला आणि पुढे तिने संशोधनच सोडलं. हुशार मुलगी होती. तिची आठवण आली की अजून जीव तुटतो, हे मी लपवत नाही. सहकारी आजही बोलत नाही. पण त्या खोलीत कामगारांच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. तेवढं एक काम माझ्याकडे होतं आणि ते मी केलं. उद्या तोच अर्ज समोर आला तर मी पुन्हा तेच करेन. लोक याला हटवादीपणा म्हणतात. म्हणोत.

संशोधनातल्या सचोटीचंही हेच आहे, फक्त तिथे खोलीत नसलेला माणूस म्हणजे तुझा पेपर वाचून पुढचं काम उभं करणारा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या यान हेंड्रिक श्योन या भौतिकशास्त्रज्ञाचं प्रकरण बघ. वेगवेगळ्या प्रयोगांचे म्हणून छापलेल्या आलेखांतला नॉइज, म्हणजे ती यदृच्छेने येणारी बारीक थरथर, हुबेहूब सारखी निघाली. मूळ डेटा मागितला तर कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून फाइली पुसल्या, असं उत्तर. नीट ठेवलेल्या लॅब नोटबुकाही नाहीत. २००२ मध्ये चौकशी समितीने २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन मान्य केलं. तोवर जगभरच्या कितीतरी लॅब ते प्रयोग पुन्हा करून बघण्यात झिजल्या होत्या. त्यांतल्या तुझ्या वयाच्या मुलांची वर्षं कोण परत देणार? तेव्हा नोटबुक तारीखवार लिही, मूळ फाइली जप. प्लेजरिझम, म्हणजे वाङ्मयचौर्य, पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा आकडा कमी आला म्हणजे सचोटी झाली, या भ्रमात तर मुळीच राहू नकोस. ते सॉफ्टवेअर शब्द तपासतं, तुझा आलेख नाही.

विद्यापीठ आपल्याच माणसाची चौकशी करतं तेव्हा काय होतं, हेही बघून ठेव. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या पाओलो मक्कियारिनी या सर्जनने रुग्णांना कृत्रिम श्वासनलिका बसवल्या, रुग्ण मेले. २०१४ मध्ये तिथल्याच चार डॉक्टरांनी तक्रार केली. बाहेरच्या तज्ज्ञाने त्याला दोषी ठरवलं, तरी २०१५ मध्ये संस्थेच्या प्रमुखांनी त्याला निर्दोष म्हटलं. गैरवर्तनाचा निर्णय संस्थेने दिला तो २०१८ मध्ये, आणि २०२३ मध्ये अपील कोर्टाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. स्वीडनने २०२० पासून अशी प्रकरणं विद्यापीठांच्या हातातून काढून राष्ट्रीय मंडळाकडे दिली. बरोबर केलं. नामांकित माणूस आणि त्याच्याबरोबर येणारा निधी खोलीत बसलेला असतो, रुग्ण नसतो. अशा खोलीत न्याय व्हावा असं वाटत असेल तर खोलीच बदलावी लागते.

राहिला तुझा आणखी एक वैताग: अर्जात नव्याने आलेलं पर्यावरणाचं पान. 'याचा नीतिमत्तेशी काय संबंध?' असं तू लिहिलंस. काय संबंध म्हणजे? २०२४ मध्ये हेलसिंकी जाहीरनाम्याची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांच्या जागतिक जाहीरनाम्याची, नवी आवृत्ती आली, तिच्यात संशोधनाने पर्यावरणाची हानी टाळावी किंवा कमीत कमी ठेवावी, हे स्पष्ट लिहिलंय. जो धूर आणि कचरा तू मागे ठेवशील तो ज्यांच्या वाट्याला येईल, तीही खोलीत नसलेलीच माणसं. काही अजून जन्मलेलीही नाहीत. या पानावर गोडगोड परिच्छेद लिहू नकोस. तुझा फ्रीझर उणे ८० अंशांवर चालतो. बऱ्याच नमुन्यांना उणे ७० पुरतं, आणि तेवढ्या बदलाने वीज बरीच वाचते, तीस टक्क्यांच्या आसपास. तुझ्या नमुन्यांना चालेल का ते तपास आणि काय निघालं ते लिही. फ्यूम हूडची, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची, काच काम नसताना खाली असते का, तेही बघ. कुणाचे आहेत हेच माहीत नसलेले डबे त्या फ्रीझरमध्ये किती आहेत ते मोज. मी पैजेवर सांगतो, भरपूर निघतील. वर्षानुवर्षं वीज खाणारा बिननावाचा डबा म्हणजे कुणीतरी विश्वासाने दिलेलं रक्त, जे ना वापरलं ना परत केलं. तिथे तुझी दोन्ही पानं, संमतीचं आणि पर्यावरणाचं, एक होतात.

तर आता काय कर. गाईडशी भांडू नकोस. 'मी कमिटीला नवा अभ्यास म्हणून अर्ज करते आहे, तुमची सही लागेल' एवढंच सांग, आणि ते ईमेलने सांग. अर्जात मूळ संमतीपत्र जोड, त्यात काय होतं आणि काय नव्हतं ते सरळ लिही. बायकांशी पुन्हा संपर्क करता येईल का, नसेल तर का नाही, आणि कुणी 'नको' म्हटलं तर तिची डबी कशी काढशील, हे लिही. कमिटी पुन्हा संमती घ्यायला सांगेल, किंवा अटी घालून सूट देईल, किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाली तर विषय बदलायचा. वेळ जाईल. मला ठाऊक आहे तुझी फेलोशिप कधी संपतेय, आणि मुदतवाढीसाठी शिफारसपत्र लागलं तर मी आजच देतो.

पण पहिलं काम म्हणजे ते मूळ संमतीपत्र शोध, त्या बायकांच्या भाषेतलं, त्यांनी सही केलेलं; इंग्रजी मसुदा नको. सापडलं की नाव झाकून त्याचा फोटो पाठव. ते वाचल्याशिवाय तुझ्या अर्जातली एकही ओळ मी तपासणार नाही.

तुझा,
सर