न्यूयॉर्कच्या मानवी हक्क आयोगाने वंशभेदावर प्रत्यक्षात काय केलं?

माझ्या मते सगळ्यात ठोस काम घरांचं. १९५७ साली शहराने खासगी घरांतही वंशावरून भाडेकरू नाकारायला बंदी घातली. अमेरिकेतला असा हा पहिलाच कायदा. आयोग याचा तपास कसा करतो? कृष्णवर्णीय माणसाला 'जागा गेली' म्हणून परत पाठवलं असेल, तर त्याच घरी थोड्या वेळाने गोऱ्याला पाठवायचं. त्याच्यासाठी दार उघडून खोल्या दाखवल्या, की खोटं पकडलं गेलं.

नोकरीत कृष्णवर्णीयांना त्यांच्या वेण्या किंवा जटा कापायला लावणं हाही २०१९ पासून आयोग वंशभेदच मानतो. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण अपमान अशाच गोष्टींत होतो.

शाळांचं मात्र अडलं. मुलं वस्तीतल्या शाळेत जाणार, आणि वस्त्याच वेगळ्या! म्हणून फेब्रुवारी १९६४ मध्ये चार लाखांहून जास्त मुलांनी एक दिवस शाळेवर बहिष्कार टाकला.