खांबाला लागलेली किक

प्रश्न: रग्बी लीगमधल्या एकाच खेळाडूची कारकीर्द सांगायची झाली, तर तुम्ही कोणाची सांगाल?

उत्तर: जोनाथन थर्स्टन, ऑस्ट्रेलियाचा. लहान चणीचा म्हणून सुरुवातीला त्याला कोणी घेईना. 2004 मध्ये त्याचा बुलडॉग्स संघ ऑस्ट्रेलियातल्या लीगचा विजेता ठरला. जखमी कर्णधार स्टीव्ह प्राइसच्या जागी थर्स्टन राखीव खेळाडूंत होता. विजेतेपदाची मिळालेली अंगठी त्याने प्राइसलाच देऊन टाकली. मला हा माणूस आवडायला लागला तो तिथून!

पुढल्या वर्षी तो नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजकडे गेला. या संघाने तोवर एकदाही अजिंक्यपद पटकावलं नव्हतं. 2015 चा अंतिम सामना, समोर ब्रिस्बेन ब्रॉन्कोज. अगदी शेवटच्या क्षणी काउबॉइजचा ट्राय झाला (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे टेकवला), 16-16. ट्रायनंतर जादा गुणांसाठी किक मिळते; आता थर्स्टनची ती दोन खांबांमधून गेली की जिंकलेच. जागा मात्र पार कडेची. चेंडू खांबावर आपटून परत! (मी तर टीव्ही बंद करायला उठलो होतो.) तेव्हा जादा वेळेत पहिला गुण घेणारा जिंकायचा. थर्स्टनने ड्रॉप गोल मारला (चेंडू हातातून टाकून, तो उसळताच खांबांमधून मारायचा, एक गुण), 17-16. नंतर तो आणखी तीन वर्षं खेळला, 2018 मध्ये थांबला.