६६ च्या मस्टँगचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवू का? घरच्या घरी जमेल का?

तुम्ही लिहिलंय की १९६६ ची व्ही-८ मस्टँग घेतली आहे, चारही चाकांना ड्रम आहेत, पुढच्या दोन चाकांसाठी डिस्कचं किट बघून ठेवलंय. घरी जमेल का आणि बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) घ्यावा का. माझ्याकडे हीच गाडी आहे, २८९ घनइंची इंजिनची. मी डेट्रॉइटजवळ राहतो, हे काम घरच्या गॅरेजमध्ये केलंय आणि एकदा चांगलंच चुकवलंयही. जमेल तुम्हाला. पण किटची ऑर्डर टाकण्याआधी बॉनेट उघडून मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा मुख्य पंप, बघा.

तो मूळचाच असेल, तर त्याला ब्रेक ऑइलचा एकच कप्पा असेल आणि त्यातूनच चारही चाकांना ऑइल जातं. मागच्या एका व्हील सिलिंडरचं रबर फाटलं किंवा एक पाइप गंजून फुटला, की पॅडल सरळ तळाला आणि गाडीला ब्रेकच नाही. १९६७ च्या मॉडेलपासून दोन कप्प्यांचा मास्टर आला आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत दोन सर्किटं कायद्यानेच सक्तीची झाली. तुमची गाडी नेमकी त्याच्या आधीची. खिशात एकाच कामापुरते पैसे असतील तर डिस्क राहू द्या, आधी दोन कप्प्यांचा मास्टर बसवा.

ड्रमना लोक उगाच नावं ठेवतात. या गाडीचे दहा इंची ड्रम, लायनर चांगले आणि नीट अ‍ॅडजस्ट केलेले असतील तर पहिल्या ब्रेकला चाकं जॅम करतात. रडगाणं सुरू होतं ते तिसऱ्या-चौथ्या ब्रेकला, उतारावर, नाहीतर पाण्यातून गाडी काढल्यावर. तापला की ड्रम फुगतो आणि आतून त्याला दाबणाऱ्या शूपासून लांब जातो, म्हणून पॅडल खाली खाली जायला लागतं. डिस्क तापून जाड झाली तर तिला दोन्हीकडून चिमटणाऱ्या पॅडच्या जवळच येते.

मात्र ड्रमचा एक गुण डिस्कमध्ये नाही. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, तो शू मागच्या शूला रेटतो, आणि दोघे मिळून ड्रमला आणखी आवळतात. म्हणजे अर्धी मेहनत चाकच करतं. डिस्कला तुमच्या पायाशिवाय कुणी वाली नाही, त्यामुळे पाइपात जास्त प्रेशर लागतं. समजा पायाने ८० पौंड जोर दिला आणि पॅडलच्या तरफेने तो सहापट झाला, तर मास्टरच्या पिस्टनवर ४८० पौंड आले. मास्टरचं बोअर (आतला व्यास) एक इंच असेल तर प्रेशर साधारण ६१० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). तेच बोअर सात अष्टमांश इंच असेल तर जवळपास ८००. पाय तोच, फक्त पॅडल थोडं जास्त खाली जाणार.

म्हणून बूस्टरबद्दल माझं मत : नको. गाडी सव्वा टनाच्या आसपास, पुढे डिस्क, मागे ड्रम, मास्टर लहान बोअरचा. पाय जरा घट्ट द्यावा लागतो इतकंच. शिवाय इंजिनात आधीच्या मालकाने तिखट कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा शाफ्ट) टाकला असेल तर आयडलला व्हॅक्यूम १८ इंचांऐवजी १०-१२ वरच येतं आणि बूस्टर नुसता शोभेला उरतो. गुडघ्याचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी.

आता माझी चूक. मी दोन कप्प्यांचा मास्टर आधीच बसवला होता, ड्रम-ड्रमवाला. दोन वर्षांनी डिस्क आणल्या तेव्हा म्हटलं, मास्टर तर नवाच आहे, कशाला बदला. शनिवारी काम संपवलं, रविवारी सकाळी फिरायला निघालो. पंधरा-वीस मिनिटांत गाडी जड वाटायला लागली, सिग्नलला पाय काढला तरी जागची हलेना, आणि पुढून तो ओळखीचा जळका वास. घरी आणून जॅकवर घेतली. पुढचं चाक हाताने फिरेना. कॅलिपरचं (पॅड दाबणाऱ्या पकडीचं) निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, अर्धा आटा सैल केलं, चमचाभर ऑइल पिचकन उडालं आणि चाक मोकळं झालं. म्हणजे पॅड अडकलेले नव्हते, पाइपात प्रेशर अडकून बसलं होतं.

कारण मास्टरच्या तोंडाशीच होतं. ड्रमच्या मास्टरमध्ये बाहेर पडणाऱ्या मार्गावर एक बारकासा व्हॉल्व्ह असतो, तो पाइपात साधारण १० पीएसआय प्रेशर कायम धरून ठेवतो. ड्रममध्ये शू मागे खेचायला दणकट स्प्रिंग असतात, त्यांना या प्रेशरचा उपद्रव नाही. डिस्कमध्ये पॅड मागे घ्यायला फक्त कॅलिपरमधल्या रबरी सीलचा पीळ. १० पीएसआयसुद्धा त्याला भारी पडतं आणि पॅड डिस्कला घासत राहतात. मी डिस्क-ड्रमचा मास्टर आणला तेव्हा प्रकरण मिटलं. त्याचा पुढच्या चाकांचा कप्पाही मोठा असतो, कारण पॅड झिजतील तसं कॅलिपरमध्ये जास्त ऑइल जाऊन बसतं. बूस्टर नसताना मास्टर घेताय, तर मास्टरच्या पिस्टनमागचं भोक खोल आहे ना तेही बघा. बूस्टरच्या मास्टरचं भोक उथळ असतं, त्यातून पॅडलचा दांडा निसटू शकतो.

पाइपातली हवा काढतानाही एक गंमत झाली. दोन तास बायको पॅडल मारतेय, मी गाडीखाली, आणि पॅडल स्पंजसारखं ते स्पंजसारखंच. शेजारचे निवृत्त काका हातात कॉफी घेऊन आले, वाकून बघितलं आणि विचारलं, निपल जमिनीकडे का तोंड करून आहे? डावा कॅलिपर उजवीकडे लावला होता. हवा वर, निपल खाली, ती निघणार कुठून! बायको अजून सांगते हे सगळ्यांना. निपल नेहमी वरच्या अंगाला. मास्टर गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्याची हवा काढून घ्या, मग सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा : मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं.

बाकी किरकोळ. जुने ड्रम उघडताना कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, धूळ ओली करूनच पुसा. नवे पाइप डबल फ्लेअरचेच (टोक दुहेरी दुमडलेले), मधे जोड द्यायला प्लंबिंगचं कॉम्प्रेशन फिटिंग नको. ऑइल डॉट ३ किंवा ४, त्यात सिलिकॉनवालं डॉट ५ मिसळायचं नाही. ड्रमवरची १४ इंची चाकं कॅलिपरला घासण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा किट बसवण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून चाकाच्या आत फिरवून बघा. मी १५ इंची घेतली.

मागच्या चाकांच्या पाइपावर अ‍ॅडजस्ट करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचं प्रेशर कमी करणारा) टाका. मागे ड्रम तेच राहिले, त्यामुळे जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जॅम होतात आणि गाडी मागून फिरते. रिकाम्या पार्किंगमध्ये, कोरड्या डांबरावर, चाळीसच्या वेगाने ब्रेक मारून बघा आणि पुढची चाकं आधी अडकेपर्यंत व्हॉल्व्ह पिळत जा. मला पाच खेपा लागल्या.

चाकं १४ इंची आहेत की १५, आणि मास्टरला कप्पे किती, एवढं कॉमेंटमध्ये सांगा. त्यावरून तुम्ही बघितलेलं किट बसेल की नाही ते सांगता येईल.