हेडफोन घेतलेस, आता प्रवासाला निघताना
एक आधी समजून घे: नॉइज कॅन्सलिंग हेडफोन बाहेरच्या आवाजाची उलटी लहर तयार करून तो दाबतात. त्यामुळे गोव्यातल्या मोपा विमानतळाहून विमान उडालं की इंजिनाची एकसुरी घरघर जवळजवळ जाते. मुलाचं रडणं, शेजाऱ्यांच्या गप्पा मात्र थोड्याफार येतातच. तो दोष समजू नकोस. कानाभोवतीची गादी नीट टेकायला हवी. माझ्या चष्म्याच्या जाड काडीपाशी फट राहायची, तिथून सगळी घरघर आत यायची. पातळ काडीचा चष्मा केला, तेव्हा कुठे कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यातही निवांत वाटलं. मुंबईहून येताना थिवीला उतरायचं असेल, तर पेडणे गेलं की हेडफोन काढच. गाडी फार थांबत नाही.