आजी विचारायची, "मग त्यो खाली का पडत न्हाई?"

जुन्या माणसांचा विमानावर, अंतराळ प्रवासावर विश्वास का बसत नसे, असं तुम्ही विचारलंय. माझ्या आजीचं सांगतो. माण तालुक्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. आभाळात विमान दिसायचं, पण घारीएवढ्या त्या ठिपक्यात माणसं बसतात हे तिला पटत नसे. पुष्पक विमान मात्र खरं! मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, पुष्पकाची कथा सांगणारे कीर्तनकार तिच्या ओसरीवर जेवून जायचे. रेडिओवर बोलणारा कोण, कुठला, तिला काय ठाऊक?

एप्रिल 1984 मध्ये राकेश शर्मा सोयूझ यानातून सॅल्यूत 7 या अंतराळ स्थानकावर गेले. माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. पेपरातला फोटो मी आजीला दाखवला. ती म्हणाली, "आरं, वर गेला म्हंतोस, मग त्यो खाली का पडत न्हाई?"

मी ऐटीत सांगितलं, "तिथं गुरुत्वाकर्षणच नसतं."

ती काही न बोलता भाकरी थापायला लागली. पटलं नव्हतंच.

आणि पटायला नकोच होतं, कारण माझं उत्तर साफ चूक होतं. त्या उंचीवरही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के असते. शर्मा पडतच होते. पण ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगानं पुढेही जात होते, त्यामुळे जेवढे खाली येत तेवढीच पृथ्वीची गोलाई खालून वळत जाई. जमीन गाठलीच जात नसे.

शिकलेलेही इथंच अडखळले आहेत. निर्वात पोकळीत रॉकेट चालणार नाही, असं म्हणत न्यूयॉर्क टाइम्सनं 1920 साली रॉकेटवर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट गॉडार्ड यांची खिल्ली उडवली. चूक कबूल केली 17 जुलै 1969 रोजी, अपोलो 11 चंद्राच्या वाटेवर असताना. म्हणून आजीसारख्यांना कुणी अडाणी म्हटलं की मला फार लागतं.

हे सगळं मला कॉलेजात कळलं, तोवर आजी गेली होती. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून तिनं जन्मभर गोफण फिरवली. जोर वाढवला की दगड लांब जाऊन पडतो, हे तिच्या हाताला माहीत होतं. तिथूनच सुरुवात करून सांगितलं असतं तर ती ऐकत बसली असती.