लिफ्ट बंद होती म्हणून कळलं, नाहीतर कळलंच नसतं

माझं क्लिनिक कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट महिन्यातनं दोनदा तरी बंद पडते. त्या दिवशी पण बंद होती. साडेपाचची अपॉइंटमेंट, सहा वाजत आले तरी कोण येईना म्हणून फोन केला तर पलीकडनं आवाज, "मॅडम, खालीच उभा आहे, लिफ्ट चालू झाली की येतो." बाहेर जुलैचा पाऊस, पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी नसलं तरी चिखल भरपूर, आणि हा माणूस पंचवीस मिनिटं लिफ्टची वाट बघत उभा. मीच खाली गेले. बघते तर सहा फुटी गडी, मान अशी जाड, दोन्ही कान पैलवानांचे असतात तसे सुजून गोळा झालेले. ज्या गावात शाहू महाराजांनी 1912 साली खासबागचं कुस्तीचं मैदान उभं केलं त्या गावचा पैलवान, आणि दोन मजल्यांना घाबरतोय. तेव्हा मला हसू आलं होतं, नंतर त्याची लाजही वाटली.

नाव सांगत नाही, तपशील पण थोडे बदललेत, आणि त्यांना विचारूनच लिहितेय. उद्यमनगरात त्यांचं वर्कशॉप आहे, तिथं सगळे मालक म्हणतात, इथं पण मालकच म्हणू. वय 42. हे लिहायचं कारण म्हणजे गेली दोन-तीन वर्षं माझ्याकडं येणारा दर चौथा-पाचवा माणूस एकच विचारतो: "व्यायाम करताना मला काही झालं तर?" जिममध्ये पडलेल्या माणसांचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत, कुणी ना कुणी फॉरवर्ड केलेलेच असतात.

मालकांच्या बाबतीत तर ओळखीतलाच एक जण, त्यांच्याच वयाचा, व्यायाम करताना गेला. मातीला जाऊन आले, आणि आठवडाभरानं रात्री जीएसटीचे कागद घेऊन बसले असताना छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या, डोकं हलकं, घाम. "मी गेलो असं बायकोला सांगितलं मॅडम, पोराला हाक मारून किल्ल्या कुठं आहेत ते पण सांगितलं." रात्री दोनला कॅज्युअल्टी. ईसीजी नॉर्मल. असं तीनदा झालं. मग टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉईड, शुगर, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले हार्ट ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नका. आता टेन्शन काय सुपारी आहे का, घेऊ नका म्हटलं की घेतली नाही? पण ते असो.

मी विचारलं, "ट्रेडमिलवर तुम्हाला पळवलं तेव्हा धडधडलं असेल की?"

"धडधडलं तर. जोरात."

"मग तेव्हा भीती नाही वाटली?"

"तिथं डॉक्टर उभे होते की मॅडम."

हे वाक्य मी वहीत तसंच्या तसं लिहून ठेवलंय. म्हणजे हृदयावर भरवसा नव्हता, शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरवर होता. आणि डॉक्टर काय दिवसभर सोबत नसतो, त्यामुळं ज्यानं ज्यानं धडधड वाढेल ते एकेक करून बंद झालं. आधी जिना बंद. मग कोपऱ्यावरच्या दुकानाला पण गाडी. पोराबरोबर शाहू स्टेडियमला फुटबॉल बघायला जायचे ते बंद, कारण गोल झाला की छाती उडते. दर माघात जोतिबाचे खेटे करायचे, म्हणजे पाच रविवार डोंगरावर दर्शनाला, चालत, अनवाणी, ते दोन वर्षं नाहीत. वहिनी सांगत होत्या की रात्री दोन-तीनदा उठून मनगटावरच्या घड्याळात पल्स बघतात. "अवं मॅडम, मी झोपेत कूस बदलली तरी म्हणत्यात काय झालं?"

आणि मग मी काय केलं, तर चूक केली. दुसऱ्या भेटीत सरळ सांगून टाकलं की रोज अर्धा तास रंकाळा तलावावर चालायला जा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली सांगितलंय ना, मोठ्या माणसानं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस तरी ताकदीचा, मग अर्धा तास पाच दिवस, हिशेब बसला. हिशेब कागदावर बसला. पुढच्या भेटीत मालकांनी घड्याळातली नोंद दाखवली, रोज चाळीस मिनिटं रंकाळ्यावर, त्यातलं चालणं अकरा मिनिटं. पल्स 110 च्या पुढं गेली की बाकावर बसायचे. बसून परत पल्स बघायचे. बघितली की आणखी वाढायची. वर घड्याळ म्हणतंय दहा हजार पावलं झाली नाहीत, त्याचं वेगळं टेन्शन. मी सांगितलं की तो दहा हजारांचा आकडा कुठल्या मोठ्या अभ्यासातनं आलेला नाही, 1965 साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं त्याचं नावच दहा हजार पावलं असं होतं, तिथनं तो चिकटलाय. त्यावर ते पहिल्यांदा मोकळं हसले, "म्हणजे सेल लावल्यागत."

मग आम्ही कागदावर गोल काढला. भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, धडधड वाढते, श्वास भराभर चालतो, भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि त्यानंच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि ते झालं की माणसाला वाटतं आलाच अटॅक. आणि ते टाळायला हालचाल बंद केली की शरीर ढिलं पडतं, मग बारा पायऱ्या चढल्या तरी खरंच दम लागतो. म्हणजे दम लागायची भीती म्हणून बसून राहायचं, आणि बसून राहिल्यानं दम लागायचा. त्यात दिवसाला सात-आठ चहा आणि खिशात तंबाखू-सुपारीचा मावा, दोन्हींनी पल्स वाढतेच. मालक कागद बघत बसले आणि मग जे बोलले ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हणाले, "तालमीत हीच धडधड व्हायची की ओ. दोनशे जोर, चारशे बैठका, वर लाल मातीत लढत. वस्ताद म्हणायचे दम लागल्याशिवाय दमसास येत नाही. तेव्हा छाती भात्यासारखी चालली की भारी वाटायचं."

तीच धडधड. विसाव्या वर्षी कमाई वाटायची, बेचाळिसाव्या वर्षी मरण वाटतं. मग मी औषध-व्यायाम-आहार सगळं बाजूला ठेवलं आणि त्यांच्या हृदयरोग डॉक्टरांशी फोनवर बोलून घेऊन पुढच्या भेटीला लिफ्ट चालू असतानाही जिन्याकडं वळले.

चढायच्या आधी त्यांना लिहायला लावलं की काय होईल असं वाटतंय. लिहिलं, चक्कर येऊन पडणार, खात्री 80 टक्के. खाली पल्स 88. मी बोटानं मोजली, घड्याळ काढून माझ्या पर्समध्ये. हळूहळू चढलो, मधे थांबायचं नाही एवढंच ठरलेलं. वर 122. चेहरा पांढराफटक, कठडा घट्ट धरलेला. बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, मोठा श्वास घ्यायचा नाही, नुसतं उभं राहायचं आणि बघायचं. दोन मिनिटांनी 98. शेजारच्या ट्युशनची पोरं आमच्याकडं बघत गेली, बघू देत. परत खाली. परत वर. चौथ्या वेळी खात्रीचा आकडा 30 वर आला आणि मालक म्हणाले, "मॅडम, तुम्हालाच जास्त दम लागलाय." खरं होतं. मी पण तेव्हापासून जिना वापरते, हे जाता जाता.

पुढं घरी रोज जिना, मग रंकाळ्यावर चालणं पण घड्याळाशिवाय. वेग कसा ओळखायचा, तर शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. वहिनी सोबत जायला लागल्या, बोलायचं काम त्या एकट्याच करायच्या असं मालकांचं म्हणणं. खरी अडचण बैठकांना आली. मी म्हटलं दहापासून सुरू करा, तर गडी रुसला. "चारशे मारणारा माणूस दहा मारू? कोण बघितलं तर?" पूर्वी खेळलेल्या माणसांचं हे दुखणं मी खूपदा बघते, जे कधीच खेळले नाहीत ते निवांत दहा मारतात, आणि ज्यांनी खेळलंय ते चारशे होत नाहीत म्हणून शून्य मारतात. शेवटी कामगार यायच्या आधी, शटर अर्धं ओढून, लेथ मशीनच्या मागं दहा बैठका सुरू झाल्या.

दिवाळीपर्यंत वजन किती उतरलं, तर दोन किलो. पोट तिथंच. पण सलग सहा तास झोप लागायला लागली, आणि वर्कशॉपातला एक जुना कामगार वहिनींना म्हणाला की मालक हल्ली पाना फेकत नाहीत. माझ्या दृष्टीनं हा रिपोर्ट एकोपेक्षा भारी.

मधे वहिनींनी विचारलं की मानसोपचार डॉक्टरांनी मालकांना दिलेली गोळी आता बंद केली तर चालेल का, व्यायाम चाललाय की. नाही म्हटलं, स्वतःच्या मनानं अजिबात नाही. 1999 साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाचा एक अभ्यास आला होता, नैराश्य असलेली 50 च्या पुढची 156 माणसं, काहींना व्यायाम, काहींना गोळी, काहींना दोन्ही, आणि 16 आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारलेले. पण सुरुवातीला गोळीचा गुण लवकर आला होता. म्हणजे व्यायाम काय देवाचा अंगारा नाही आणि गोळी काय शत्रू नाही. पुढं डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्यानं कमी केली.

आता तो प्रश्न, काही झालं तर? चालताना-चढताना छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, ते हातात-जबड्यात जात असेल, व्यायाम करताना शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर माझ्याकडं नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरकडं जा. बीपी-शुगर असेल तर तपासून घ्या. आणि वर्षभर खुर्चीत बसून एक जानेवारीला एकदम जोरात पळायला जाऊ नका, सवय नसताना एकदम जोर लावणं हेच जास्त धोक्याचं, रोज थोडं थोडं करणाऱ्याचा धोका उलट कमी होतो. तपासण्या नॉर्मल आल्यावर मात्र पाचव्यांदा ईसीजी काढण्यापेक्षा एक मजला चढून बघा, सोबत कुणीतरी घ्या.

माघात मालकांनी एक खेटा केला. कोल्हापुरातनं नाही, गायमुखापर्यंत गाडीनं आणि तिथनं वर चालत. गर्दीत एकदा धडधडलं, कडेला दगडावर थांबले, पोरगा म्हणाला चला पप्पा, आणि निघाले. मला फोटो पाठवला, कपाळापासून डोक्यापर्यंत गुलाल, कानातसुद्धा. पुढच्या वर्षी पाचही करणार म्हणतात. चहा तीनवर आलाय. मावा काही सुटलेला नाही, त्यावर पुढच्या महिन्यात बसायचं ठरलंय.