आधी गटार, मग रूळ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. वेल्समधल्या आमच्या तालल्लिन या स्वयंसेवकांच्या छोट्या रेल्वेवर यायचंय, तेही रुळाच्या कामावर! बरं वाटलं. येणाऱ्या दहांतल्या आठांना इंजिनावर चढायचं असतं. रुळावर यायला रांग नसते, त्यामुळे तुला जागाही पटकन मिळेल आणि शिकवायला माणूसही. ‘काका, आधी काय वाचू?’ असं विचारलंस. काही वाचू नकोस, बूट घे. पुढच्या टोकाला लोखंड असलेले, घोट्याच्या वर येणारे. नारिंगी जाकीट इथे मिळेल.

बर्मिंगहॅमहून टाउइनपर्यंत, म्हणजे आपली लाइन सुरू होते त्या गावापर्यंत, थेट गाडी आहे, पण मखन्लेथला तिचे दोन तुकडे होतात. आपला डबा कुठे जाणार ते आधी विचारून घे. मी एकदा गप्पांच्या नादात ॲबरिस्टविथला पोचलो होतो. आणि ‘तालल्लिन’मधला तो दुहेरी ल जिभेच्या कडेने फुंकून काढायचा असतो. आपल्याला ‘ळ’ येतो म्हणून हाही जमेल असं वाटतं. जमत नाही. लोक हसून सोडून देतात.

तू राहतेस त्या बर्मिंगहॅमचं या रेल्वेशी जुनं नातं आहे. 1950 च्या जुलैत मालक सर हेडन जोन्स वारले आणि स्लेटच्या खाणीसाठी 1865 मध्ये बांधलेली ही सव्वासात मैलांची लाइन आता भंगारात जाणार असं सगळ्यांनी धरलं. त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा भरली, लेखक टॉम रोल्ट आणि मंडळींनी ती वाचवायला संस्था काढली आणि 14 मे 1951 ला स्वयंसेवकांची पहिली गाडी सुटली. हौशी लोकांनी रेल्वे चालवायची ही जगातली पहिलीच वेळ. रुळांची दशा अशी होती की काही ठिकाणी स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे लाकडी ओंडके, कुजून गेलेले आणि रूळ जागेवर धरून ठेवलेले ते गवताच्या मुळांनी.

त्या वर्षीची एक गोष्ट नवीन माणसाला मी नेहमी सांगतो. जवळच्याच, बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं प्रत्येकी 25 पौंडांना मिळाली. त्यातलं एक रुळांवर ठेवलं तर चालता चालता खाली उतरायला लागलं. इथलं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सव्वादोन फूट, म्हणजे 686 मिलिमीटर. पण रूळ प्रत्यक्षात त्याहून सुमारे अर्धा इंच रुंद टाकलेले होते. इथल्या जुन्या दोन इंजिनांच्या चाकांच्या धावा रुंद, त्यामुळे त्यांचं निभावत होतं. नव्याला ते झेपेना. तुझ्या हातात पहिल्यांदा गेजची दांडी येईल तेव्हा ‘एवढं तेवढं चालतं’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. गँगमध्ये कुणी रागावणार नाही, फक्त पुन्हा मोजायला लावतील.

तुझ्या बाबांनी सांगितलं असेल, माझे वडील बोरघाटात कीमन होते. ठाकूरवाडीच्या बाजूला, पावसाळ्यात धुक्यात, रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी तपासायचा, सैल दिसेल ते ठोकायचं. घरी आले की कपड्यांना लोखंडाचा वास. मी इंजिनिअर व्हावं आणि हातात हातोडा येऊ नये म्हणून त्यांनी कर्ज काढलं. आता साठीत मी रजा टाकून, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून, परक्या मुलखात तेच काम फुकट करतो. ते असते तर काय म्हणाले असते माहीत आहे, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता कामाचं. रुळाचं काम हे मुळात पाण्याचं काम. हे मला कुणी सांगितलं नाही, चुकून कळलं. दुसऱ्या हिवाळ्यात डोलगॉख स्टेशनाच्या अलीकडे एक जॉइंट, म्हणजे दोन रुळांचा सांधा, खाली बसला होता. गाडी आली की तिथे ‘धप्’ व्हायचं आणि खडीतून राखाडी चिखल वर यायचा. मी जॅक लावून उचलला, खाली खडी ठोकून भरली. पंधरा दिवसांनी जैसे थे. पुन्हा भरली, पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी माझी हद्द झाली आणि मी थोडा जास्तच उचलला, तर तिथे उंचवटा झाला आणि मुकादमाने तो मला उतरवायला लावला. हा मुकादम निवृत्त शाळामास्तर. नंतर तो माझ्याशी एक शब्द न बोलता वरच्या अंगाला नेच्यांत शिरला, पहार खुपसत खुपसत गेला आणि एका जागी थांबला. पालापाचोळ्याखाली चर तुंबला होता, डोंगराचं सगळं पाणी माझ्या जॉइंटखाली येत होतं. आम्ही दोघांनी तासभर गाळ उपसला. पाणी घळाघळा वाहायला लागलं. मग एकदाच खडी भरली. तो जॉइंट अजून बसलेला नाही. खाली बसलेला रूळ दिसला की आधी वरच्या बाजूला बघ.

खडी भरताना दोघांनी स्लीपरच्या दोन बाजूंना समोरासमोर उभं राहायचं, ठोका एकाच लयीत. भर रुळाच्या खाली हवी, स्लीपरच्या मध्यावर नको. मध्य घट्ट आणि टोकं मोकळी राहिली तर स्लीपर गाडीखाली सी-सॉसारखा हलतो आणि एक दिवस मधून मोडतो. झालं की पहारीने वर ठोकून बघ. भरलेला स्लीपर ‘टक्’ म्हणतो, पोकळ असेल तर आवाज मडक्यासारखा येतो. महिन्याभरात कान तयार होतो. नजर तयार व्हायला जास्त वेळ लागतो: ओणवी हो, गाल जवळजवळ रुळाला टेकव, एक डोळा मिट आणि लांबवर बघ. उभ्याने सरळ वाटणारा रूळ कुठे कुठे वाकलाय ते तेव्हा दिसतं. गाडी येणार नाही याची खात्री मुकादमाने दिल्यावरच हे कर, हे तुला सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

जॉइंटमधली फट बुजवायचा मोह होईल, कारण ती वाईट दिसते. हात लावू नकोस. दहा मीटरचा रूळ 30 अंशांनी तापला की साधारण साडेतीन मिलिमीटर वाढतो. त्याला वाढायला जागा नसली तर तो बाजूला वाकतो. फिशप्लेटना, म्हणजे सांध्यावर दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांना, ग्रीस लावायचं ते त्यासाठीच, रूळ आत सरकला पाहिजे. आमचे वडील ग्रॅफाइट आणि तेल कालवून लावायचे, इथे डब्यातलं तयार ग्रीस मिळतं. वास मात्र तसाच.

रूळ बदलायचं मोठं काम हिवाळ्यात, गाड्या बंद असताना. म्हणजे पाऊस, वारा आणि दुपारी चारला अंधार. पहिल्या दिवशी तुला झाडोरा कापायला किंवा घमेली वाहायला लावतील. सिव्हिल इंजिनिअरिंगचं शिक्षण काढू नकोस मध्ये. बाई म्हणून कुणी हातातली पहार काढून घ्यायला आलं तर देऊ नकोस, पण कंबर वाकवून नाही, गुडघ्यातून उचल. माझी पाठ त्याची साक्ष आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी टाउइनमधल्या पेंड्रेच्या शेडपाशी असेन. साडेआठला ये, नऊला ट्रॉली निघते आणि थांबत नाही. मोज्यांचे दोन जोड आण, एक पिशवीत कोरडा. चिवडाही आण, त्या मास्तरांना लसणीचा लागतो.

तुझा,
काका